तस्करीतून सुटलेल्या मुलांना निवारा : नागपुरात कुठे जायचं, कोणते कागद कधी लागतात

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. तस्करीतून सुटलेल्या, अठरा वर्षांखालच्या मुलीला किंवा मुलाला निवारा मिळायला एकही कागद लागत नाही. आधार नको, जन्मदाखला नको, आईबापाची सहीही नको. हे ठाऊक नसल्यामुळे भली माणसं झेरॉक्स गोळा करत बसतात, आणि तेवढ्या वेळात मूल परत त्याच हातांत जातं.

नागपूर स्टेशनावर दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा असे दोन्ही रेल्वेमार्ग मिळतात, म्हणून इथं सापडलेलं मूल कुठल्याही राज्यातलं असू शकतं. संशय आला की १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ लावा. फलाटावर असाल तर रेल्वे सुरक्षा बलाचा जवान गाठा. गुन्हा दुसरीकडे घडलाय म्हणून पोलीस ठाण्याला परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकानं एफआयआर (हद्द न बघता नोंदवायची तक्रार) घ्यावाच लागतो.

बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मुलाला बाल कल्याण समितीसमोर न्यावं लागतं. नेणारा पोलीसच हवा असं नाही. कार्यकर्ता, डॉक्टर, नर्स, शेजारी, कुणीही नेऊ शकतं. मूल स्वतःही जाऊ शकतं. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यासमोर नेलं तरी चालतं. बालगृहात ठेवण्याचा आदेश समिती देते.

खरा खल होतो तो वयावर. एका मुलीच्या पिशवीत कपड्यांचे दोन जोड, एक कंगवा आणि आधार कार्ड होतं. कार्डावर वय १९. लॅमिनेशन इतकं नवं की कोपरासुद्धा मुडपलेला नव्हता. जन्मतारीख विचारली तर तिनं कार्डावरची घडाघडा म्हणून दाखवली. मग मी शाळेचं विचारलं. "दिवाळीपर्यंत सातवीत होते," ती म्हणाली. गावच्या शाळेतल्या दाखल-खारीज रजिस्टरात वय निघालं १४.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. कायद्याच्या कलम ९४ नुसार आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच वैद्यकीय तपासणी. आधार या यादीत नाही. कुणी कार्ड पुढं करून "ती सज्ञान आहे" म्हणालं, तर शाळेचा दाखला मागवण्याचा आग्रह धरा.

कागदांची खरी कसोटी लागते ती न्यायला येणाऱ्यांची. मामा, मावशी, "गावचे काका" लगेच हजर होतात. त्यांना ओळखपत्र, राहत्या घराचा पुरावा आणि मुलाशी नातं दाखवणारा कागद, म्हणजे रेशनकार्ड किंवा जन्मदाखला, सोबत आणायला सांगा. तेवढ्यावर ताबा मिळत नाही. घरची चौकशी होते, कारण मुलाला विकणारा कधीकधी त्याच घरातला असतो. दुसऱ्या जिल्ह्यातलं किंवा राज्यातलं मूल असेल तर तिथल्या समितीमार्फत ही चौकशी होते आणि मग पाठवणी. खऱ्या आईबापांना हा उशीर जाचतो, त्यांचं रडणं बघवत नाही. तरी तो होऊ द्यावा. आणि वकिलाबद्दल सावध राहा : कुंटणखाना चालवणाऱ्याचा वकील त्याच प्रकरणात सुटका झालेल्या मुलीची बाजू मांडू शकत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २००२ मध्येच बजावलंय.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर मनोधैर्य योजनेतल्या अर्थसाहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. एफआयआरची प्रत, वैद्यकीय अहवाल आणि बँक पासबुक जवळ ठेवा. मोफत वकील तिथूनच मिळतो, फोन १५१००. कपडे, जेवण, प्रवास अशा तातडीच्या खर्चाची शिफारस पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) नियमांखाली बाल कल्याण समिती करू शकते आणि शिफारस पोचल्यापासून आठवड्यात पैसे मिळायला हवेत. मात्र ही शिफारस मागावी लागते, तेवढं विसरू नका.

वय १८ पूर्ण झालं म्हणजे लगेच रस्त्यावर, असं नाही. संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पायावर उभं राहीपर्यंतच्या आधाराची, सोय आहे. सुटकेच्या वेळीच सज्ञान असलेल्या स्त्रियांसाठी शक्ती सदन हे निवारागृह आहे, चौकशीला महिला हेल्पलाइन १८१.

यातल्या कुठल्याही टप्प्यावर मुलाचा फोटो, नाव, गाव, शाळा व्हॉट्सॲपवर टाकू नका, "मदत मिळावी" म्हणूनसुद्धा नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार तो गुन्हा आहे.