पायाच्या फ्लॅप शस्त्रक्रियेआधीचं थर्मल इमेजिंग : रुग्ण आणि नातेवाइकांसाठी

नडगीवर किंवा घोट्याजवळ जखम आहे, आणि प्लास्टिक सर्जननी ‘फ्लॅप करावा लागेल, त्याआधी थर्मल इमेजिंग करून घेऊ’ असं सांगितलंय. त्या कामासाठी कातडीची उष्णता टिपणारा कॅमेरा घेऊन तुमच्या खाटेपाशी येणारे ते आम्ही. आम्ही तंत्रज्ञ आहोत, डॉक्टर नाही. निर्णय सर्जनचाच.

मांडीची कातडी लावून भागत नाही का?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरातून येतो. नडगीवरून बोट फिरवून पाहा, कातडीखाली लगेच हाड लागतं. पोटरीत स्नायू भरपूर असतो, पण घोट्याकडे येता येता तो संपतो आणि नुसत्या कंडरा उरतात. मोटरसायकलच्या अपघातात इथली कातडी गेली की हाड उघडं पडतं. मांडीवरून काढलेली पातळ कातडी स्वतःचं रक्त घेऊन येत नाही, ते तिला खालच्या जागेतून मिळावं लागतं. हाडावरचं पातळ आवरणही निघून गेलं असेल, तर ती तिथे धरत नाही.

मग शेजारचीच कातडी, खालच्या चरबीसकट, तिची रक्तवाहिनी न तोडता फिरवून जखमेवर आणतात. हाच फ्लॅप. बागेत दाब कलम करताना फांदी झाडापासून न तोडता वाकवून मातीत दाबतात ना, तसंच काहीसं. पायावर बऱ्याचदा प्रोपेलर फ्लॅप करतात, म्हणजे कातडीचा लांबट तुकडा एका रक्तवाहिनीभोवती पंख्याच्या पात्यासारखा फिरवायचा. ही कल्पना जपानच्या ह्याकुसोकू आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडली, तीही भाजून आखडलेल्या काखा आणि कोपरांसाठी. पायावर ती नंतर आली.

सगळा खेळ त्या एका रक्तवाहिनीवर. पायातल्या तीन मोठ्या धमन्यांपासून बारीक फाटे निघतात आणि खोलातून वर येऊन कातडीला रक्त देतात. डॉक्टर त्यांना पर्फोरेटर म्हणतात. जाडी जेमतेम मिलिमीटरभर, आणि नेमकी जागा प्रत्येकाच्या पायात वेगळी.

आम्ही काय करतो

खोलीचं तापमान २२ ते २४ अंशांवर आणतो आणि पाय १०-१५ मिनिटं उघडा ठेवतो. मग थंड पाण्याची पातळ पिशवी थोडा वेळ कातडीवर ठेवून काढतो. पडद्यावर सगळा पाय गार दिसतो, आणि मग एकेक ठिपका उजळायला लागतो. जिथे आतून गरम रक्त वर येतं, ती जागा आधी तापते. लवकर आणि ठसठशीत उजळणाऱ्या ठिपक्यांवर जांभळ्या शाईची खूण करतो.

कॅमेरा शरीरात काहीही सोडत नाही. कातडीतून आपोआप बाहेर पडणारी उष्णता तेवढी टिपतो. एक्स-रे नाही, सुई नाही.

त्यानंतर सर्जन प्रत्येक खुणेवर डॉप्लरचं पेन टेकवून रक्ताचा आवाज ऐकतात. नुसत्या डॉप्लरने अख्खा पाय धुंडाळायला वेळ लागतो, शिवाय खालच्या मोठ्या धमनीचा आवाजही फसवतो. मोठ्या धमनीलाच मार लागल्याची शंका असेल, तर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन, लागतेच. आमचा कॅमेरा तिची जागा घेत नाही.

लाल दिसलं म्हणून घाबरू नका

पडद्यावरचे रंग खरे नसतात, यंत्र ते तापमानानुसार भरतं. मोजमापाचा पट्टा बदलला की तोच पाय निळा दिसेल नाहीतर पिवळा. इथे लाल ठिपका हवाच असतो! म्हणून पडद्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकू नका, अशी आमची विनंती आहे. रात्रभर फोन वाजत राहतात.

कॅमेरा चुकतोही. त्याला फक्त वरची कातडी दिसते, खोल काही नाही. जखमेभोवतीची सुजलेली कातडी आधीच गरम असते, तिथे ठिपके हरवतात. रक्तवाहिनी तिरकी वर येत असेल, तर खूण तिच्या मुळापासून थोडी बाजूला पडते. हाडासाठी बाहेरून बसवलेले चकचकीत रॉड तर आरशासारखे वागतात. एकदा रॉडवर एक गरम डाग सरकताना दिसला. तो निघाला वाकून बघणाऱ्या भावाचा चेहरा. सुरुवातीच्या दिवसांत छताचा पंखा बंद करायचा राहून गेला आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं, ती चूक आमचीच.

त्यामुळेच सर्जन सहसा फ्लॅपची एकच कड आधी उघडतात, रक्तवाहिनी डोळ्यांनी बघतात आणि मगच बाकीची कातडी कापतात. वाहिनी बारीक निघाली तर बेत बदलतो. पायावर चार खुणा असतील, वापरली जाईल एखादीच.

त्या दिवशी

पायाला तेल, बाम, हळद, लेप काहीही लावू नका. दोन तास आधीपासून चहा-कॉफी नको. तंबाखू, बिडी, सिगारेट तर शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधीपासून बंद हवी, कारण तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि फ्लॅप धोक्यात येतो. मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे. ‘मी तंबाखू खात नाही’ म्हणणाऱ्या आजी मिश्री लावतात का, हे आम्ही मुद्दाम विचारतो, राग मानू नये. मधुमेह असेल किंवा पाय बधिर असेल तर पिशवी ठेवण्याआधी सांगा; बधिर कातडीला गारठा कळत नाही.

जांभळ्या खुणा ऑपरेशन थिएटरमध्ये जाईपर्यंत पुसू नका, अंग पुसतानाही नाही. पुसट झाल्या तर घरच्या पेनाने अंदाजाने गिरवू नका. सिस्टरना सांगून आम्हाला बोलावून घ्या, दुसऱ्या फेरीचे पैसे लागत नाहीत.