तोंड एक, पाठी दोन

माझ्या टेबलावर पितळेच्या दोन लंबगोल प्लेटा आहेत. दोन्ही साधारण साडेतीन इंच लांब, सव्वादोन इंच रुंद. कडेनं उठावदार काठ आणि मध्ये ठसठशीत दोन इंग्रजी अक्षरं, यू आणि एस. घरी आलेला पाहुणा दोन्ही हातात घेऊन बघतो आणि हमखास विचारतो, "एकसारख्याच तर आहेत, दोन कशाला घेतल्यास?" पाहुण्याला दोष देत नाही. पहिली दोन वर्षं मीही त्याच समजात होतो आणि त्या समजापायी पैसेही घालवले.

यातली एक शिपायाच्या कमरेच्या पट्ट्याची म्हणून माझ्याकडे आली, म्हणजे आपल्या भाषेत बक्कल. दुसरी त्याच्या काडतुसांच्या पेटीच्या झाकणावरची. जुन्या मराठीत या पेटीला तोसदान म्हणत. शब्द गेला म्हणून हळहळ वाटते, पण आता तो वापरला तर निम्म्यांना समजणार नाही, म्हणून पेटीच म्हणतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, उत्तरेच्या पायदळातल्या शिपायाच्या अंगावर बहुतेक वेळा या दोन्ही प्लेटा असत. हे तेच युद्ध, ज्याच्यामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला, मुंबईत पैशांचा पूर आला आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये प्रेमचंद रायचंदांसकट भले भले शेअरवाले झोपले. आपल्याकडे ते युद्ध कापसाच्या भावात उमटलं. मी राहतो त्या व्हर्जिनियात ते शेतात पुरलेलं आहे. फ्रेडरिक्सबर्ग, चान्सलर्सव्हिल, स्पॉटसिल्वेनिया ही सगळी रणांगणं माझ्यापासून तासाभराच्या आत.

दोन्ही प्लेटांचं तोंड सारखं असण्यामागे काही गूढ नाही. पितळेचा पातळ पत्रा ठशाखाली दाबायचा, अक्षरं आणि काठ उठवायचे आणि मागची पोकळी शिशा-कथलाच्या रसानं भरून टाकायची. तोंडाचा ठसा एकच असला तरी चालायचं. फरक करायचा तो पाठीला. शिसं ओतताना त्यात आकडे बसवले की पट्ट्याची प्लेट, तारेच्या कड्या बसवल्या की पेटीची.

म्हणून पहिलं काम म्हणजे प्लेट पालथी करणं. पट्ट्याच्या प्लेटीला रोज काढघाल सोसायची असते. एका टोकाला दोन खुंट, ते चामड्याच्या चिरांत कायमचे बसलेले. दुसऱ्या टोकाला एक आकडा, तो पट्ट्याच्या दुसऱ्या तोंडात अडकवायचा. खुंटांची डोकी गोल, चपटी असली तर इथले संग्राहक त्यांना 'पपी पॉ' म्हणतात, कुत्र्याच्या पिलाचे पंजे. दुसऱ्या प्रकारात खुंटांऐवजी बाणाच्या टोकासारखे तीन आकडे असतात, दोन एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. ते झाले 'अॅरो बॅक'. महत्त्वाचं म्हणजे हे सगळं प्लेटीच्या दोन टोकांजवळ असतं, कारण ओढ तिथंच बसते.

पेटीच्या प्लेटीला कुणी ओढत नाही. ती झाकणावर नुसती बसून असते. तिच्या पाठीला लोखंडी तारेच्या दोन कड्या, टोकांपासून आत सरकलेल्या. कड्या झाकणाच्या चामड्यातून आत काढायच्या आणि आतून त्यांत चामड्याची वादी ओवायची. संपलं. पेटीत कागदी काडतुसं चाळीस. त्यांतली दारू पावसानं भिजू नये आणि शेजाऱ्याच्या बंदुकीची ठिणगी आत जाऊ नये, एवढ्यासाठी झाकण बंद राहायला हवं. झाकणाला खाली अडकवायचा एक पट्टा असे, पण लढाई तोंडावर आली की तो सोडून ठेवत, कारण दर खेपेला सोडत बसायला वेळ कुठला? मग झाकण दाबून धरायचं काम या प्लेटीच्या वजनाचं. वरून शोभेची दिसते, पण शिसं उगीच भरलेलं नाही. पुढं १८६४ मध्ये सरकारनं पेटीवरची प्लेट काढूनच टाकली आणि तीच अक्षरं थेट चामड्यावर उठवली. तेव्हा कुणी १८६४ च्या नमुन्याची पेटी दाखवून तिच्यावर पितळी प्लेट बसवून देत असेल, तर जोडी त्यानं स्वतः जुळवलेली असते.

पट्ट्याच्या प्लेटीची एक धाकटी बहीणही आहे. १८३९ च्या मूळ नमुन्यात पायदळाचा पट्टा दीड इंच रुंद होता आणि प्लेट जेमतेम पावणेतीन इंच लांब. पट्टा पुढं रुंद झाला तशी प्लेटही वाढली. त्या लहान प्लेटीला संग्राहक 'बेबी यूएस' म्हणतात. ती हाती आली की घोळ होत नाही, कारण पेटीची प्लेट मोठीच असते. घोळ होतो तो मोठ्या मापाच्या दोघींत.

आता माझी फजिती. जुन्या हत्यारांच्या एका प्रदर्शनात, कुठल्या ते सांगत नाही, एका टेबलावर बाण-आकड्यांची प्लेट दिसली. तोंडावर सुंदर तपकिरी कळा, म्हणजे वर्षानुवर्षं चढत गेलेला रंग, काठाला एक छोटी चीर, पाठीला तीनही आकडे शाबूत. पट्ट्याच्या प्लेटीला पेटीच्या प्लेटीपेक्षा सहसा जास्त भाव येतो आणि विक्रेत्यानं तो घेतलाही. घरी आणून मखमलीवर ठेवली. महिनाभरानं एक जुना जाणकार मित्र आला. त्यानं तोंडाकडे बघितलंच नाही. प्लेट पालथी केली, दिव्याखाली तिरपी धरली आणि भिंग माझ्या हातात दिलं.

"मध्ये बघ," म्हणाला.

शिसं जुनं झालं की त्यावर पांढुरकी, खडूसारखी पूड चढते. माझ्या प्लेटीवर ती होती, अगदी छान. पण दोन आकड्यांच्या बुडाशी शिसं राखाडी आणि चकचकीत होतं, आणि त्या चकचकीत डागाची कड पांढऱ्या पुडीच्या वर आली होती. म्हणजे पूड आधीची, डाग नंतर दिलेला. त्याहून वाईट म्हणजे प्लेटीच्या मधल्या भागात चार बारीक खळगे होते, प्रत्येकाच्या तळाशी गंजाचा लालसर ठिपका. लोखंडी कड्यांची चार पावलं! कुणीतरी पेटीच्या प्लेटीच्या कड्या कापून तिला आकडे लावले होते आणि बाईला बढती देऊन कमरेवर पाठवलं होतं. प्लेट खरी, तोंड खरं, काळ खरा. खोटी फक्त नोकरी. अस्सल खोट्यापेक्षा हे खोटं पकडायला अवघड, कारण मनातल्या मनात तुम्ही तिच्या खरेपणाचे पुरावे मोजत असता आणि ते बरोबरच निघतात.

भिंगातून बघून झाल्यावर हात धुवा. ती पांढरी पूड शिशाची आहे आणि तिच्यावरून फिरवलेल्या बोटांनी शेंगदाणे खाऊ नयेत. मी खाल्ले होते.

साफ बनावट माल मात्र तुलनेनं लवकर कळतो. युद्धाला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, जुन्या गणवेशात लुटुपुटूच्या लढाया करणाऱ्यांची संख्या वाढली. त्यांना प्लेटा लागल्या आणि त्या प्रामाणिकपणे नव्या म्हणून बनल्या. पुढं त्यांतल्या कितीतरी जमिनीत पुरून, आम्ल लावून 'म्हाताऱ्या' केल्या गेल्या. यांत बहुतेक सबंध पितळेचं ओतीव काम असतं. अक्षरांच्या कडा मऊ, पृष्ठभाग रवाळ, पाठीला शिशाचा पत्ता नाही. ठशाखाली दाबलेल्या पत्र्याची कड बोटाला टोचल्यासारखी लागते, ओतीव कड साबणाच्या वापरलेल्या वडीसारखी लागते. एकदा दोन्हींवरून अंगठा फिरवला की विसरत नाही. काही अस्सल प्लेटांच्या पाठीवर बनवणाऱ्याचं नावही ठोकलेलं असतं, चिकोपीचा गेलॉर्ड किंवा ब्रुकलिनचा स्मिथ. पण नाव दिसलं म्हणून विरघळू नका, नाव ठोकायला छिन्नी पुरते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात तर पाठीवर न्यू यॉर्कच्या 'टिफनी' या जवाहिऱ्याचं नाव कोरलेली आणि पुढून वेल्स फार्गो या वाहतूक कंपनीची घोडागाडी दाखवणारी जाडजूड बक्कलं बनली. ती कुठल्याच जुन्या बक्कलाची नक्कल नाहीत, कारण तसं बक्कल कधी नव्हतंच. तरी आजही ती 'आजोबांची' म्हणून विकायला येतात.

दक्षिणेच्या, म्हणजे सीएस अक्षरांच्या प्लेटांबद्दल इथं लिहीत नाही. त्यांचे भाव असे आहेत की बनावट करणाऱ्यांनी तिथं सगळी कला ओतली आहे. नवख्यानं लांबून नमस्कार करावा. एक गोष्ट तेवढी सांगतो. दक्षिणेचे शिपाई जिंकलेला माल बिनदिक्कत वापरत, त्यामुळे यूएसची प्लेट दक्षिणेच्या छावणीत सापडली तर तिच्या खरेपणावर शंका घ्यायचं कारण नाही. मात्र 'ते ती उलटी लावत' ही कहाणी विक्रेत्यानं सांगितली तर कहाणीचे पैसे देऊ नका.

अजून एका प्लेटीचा घोळ पाहण्यासारखा आहे. अडीच इंचांची गोल, गरुडाची. ती सर्रास 'गरुडाचं बक्कल' म्हणून विकली जाते. पाठ बघा : दोन तारेच्या कड्या, म्हणजे पेटीच्याच घराण्यातली. पेटीचा पट्टा डाव्या खांद्यावरून छातीवर येऊन उजव्या कमरेकडे जायचा आणि ही प्लेट बरोबर छातीवर चमकायची. तिनं कशालाच कशाला जोडलेलं नसे. शत्रूला नेम धरायला एक बिंदू, एवढाच तिचा उपयोग, अशी तिची चेष्टा होते.

गणवेशाच्या गुंड्यांतही हेच. पुढं गरुड, गरुडाच्या छातीवर ढाल. ढालीत अक्षर नसेल तर साध्या शिपायाची. आय असेल तर पायदळाच्या अधिकाऱ्याची, सी म्हणजे घोडदळाच्या, ए म्हणजे तोफखान्याच्या. इतकं तोंडावरून कळतं, बाकी सगळं पाठीवर. तिथं वॉटरबरीच्या स्कॉव्हिलसारखं नाव आणि त्या नावाची अक्षरं मांडण्याची तऱ्हा दर काही वर्षांनी बदलत गेली, आणि जाणकार त्यावरूनच गुंडी कोणत्या वर्षांतली ते सांगतात. तोंडाला भुलून मी घेतलेली एक 'यादवीची' गुंडी नंतरच्या काळातली निघाली. तिचं फारसं दुःख नाही, दोन डॉलरची होती.

कपड्यांत मी शिरलो नाही. कसर लागते आणि जागा लागते. तरी चार गुंड्यांचा निळा डगला कुणी समोर धरला तर शिवण बघतो. फिलाडेल्फियाच्या स्कूलकिल या लष्करी कोठाराचे कपडे बायका घरी नेऊन हातानं शिवत, कंत्राटदार यंत्रावर शिवत, तेव्हा यंत्राची शिवण दिसली म्हणून डगला खोटा होत नाही. पण अंधारात अतिनील किरणांच्या जांभळ्या दिव्याखाली धागा निळा उजळला, तर तो धागा या काळातला.

माल येतो कुठून हेही बघायला हवं. युद्धानंतर सरकारनं उरलेलं सामान स्वस्तात विकून टाकलं आणि न्यू यॉर्कच्या फ्रान्सिस बॅनरमन या व्यापाऱ्यानं त्यातलं बरंच उचललं. पुढं १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धाचा मालही त्यानं इतका घेतला की हडसन नदीतल्या एका बेटावर त्याला कोठार बांधावं लागलं. न वापरलेल्या, पाठ कोरी असलेल्या प्लेटा अशाच कोठारांतून फिरत आल्या. त्या घरातल्या मालाची कळा तपकिरी. जमिनीतून निघालेल्यांवर जंगाल, हिरवं आणि खरखरीत. त्यांच्या लोखंडी कड्या बहुधा गंजून गेलेल्या असतात आणि मग चार पावलं शोधणं हाच मार्ग उरतो. धातुशोधक यंत्र घेऊन राष्ट्रीय रणांगणात मात्र कुणी पाऊल टाकू नये. १९७९ च्या पुरातत्त्व कायद्याखाली तो गुन्हा आहे. खासगी शेतात मालकाची परवानगी असेल तर गोष्ट वेगळी, आणि चांगला विक्रेता प्लेट कोणत्या शेतातली ते लिहून देतो.

गेल्या उन्हाळ्यात आई सांगलीहून आली होती. मी ऑफिसला गेल्यावर तिला टेबलावर कळकलेलं पितळ दिसलं. संध्याकाळी आलो तर दोन्ही प्लेटा ओट्यावर, शेजारी चिंचेचा चोथा, आणि एक प्लेट देव्हाऱ्यातल्या तबकासारखी लखलखत होती. दीडशे वर्षांची कळा मोरीत गेली होती.

"दुसरी करायची राहिली रे," आई म्हणाली. "आणि मागं तर अजून हातच लावला नाही. मागचं कोण बघतंय?"

कोणती घासली ते बघायला मी घाईनं ती पालथी केली. बढती मिळालेली होती.