उधाणाची भरती आणि भांगाची भरती, कोकणात निघण्याआधी एवढं बघाच

आपल्या सांगलीत पाणी वाढायला लागलं की सगळ्यांचं लक्ष आयर्विन पुलाकडे, 40 फुटाला इशारा, 45 ला धोका, हे लहान पोराला पण पाठ असतं. पण तीच माणसं गुहागरला गेली की समुद्राचं पाणी किती वर येणार ते बघतच नाहीत, आणि भरती म्हणजेच उधाण असं धरून चालतात. तसं नाहीये. भरती रोज दोनदा येते, उधाण रोज नसतं.

अमावस्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते, म्हणून त्या दिवशी आणि पुढचे एक-दोन दिवस भरती खूप वर चढते आणि ओहोटीला पाणी तेवढंच लांब आत जातं, हे उधाण. अष्टमीच्या आसपास सूर्य-चंद्र काटकोनात, सूर्याची ओढ चंद्राच्या निम्म्याहून जरा कमीच असते पण ती आडवी आल्यामुळे पाणी ना फार चढतं ना फार उतरतं. ही भांगाची भरती.

मला हे कळलं गुहागरजवळच्या हेदवीला. उमामहेश्वराच्या देवळामागे बामणघळ आहे, कातळातली अरुंद चीर, भरतीचं पाणी आत घुसलं की आवाज करत उंच उडतं. आम्ही कराडहून कुंभार्ली घाट उतरून भर दुपारी पोचलो तर चिरेच्या तळाशी नुसतं पाणी डुचमळत होतं, पोरं हिरमुसली. मुक्कामाला होतो तिथल्या काकू म्हणाल्या, "आज अष्टमी ना, दुपारी ओहोटी, मग पाणी कसं उडणार?" मग त्यांनी हिशोब शिकवला, तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येतं ते साधारण पूर्ण भरतीचं घड्याळ. अष्टमीला सहा. पौर्णिमेची तिथी पंधरा, म्हणून सव्वाअकरा. रोज पाऊण-एक तास पुढे. कॅलेंडरवर तिथी असतेच, अॅप नाही लागत.

म्हणजे बामणघळ बघायची तर पौर्णिमा-अमावस्येला पहाटे निघा आणि अकराच्या आत पोचा, पण काठापासून लांब उभं राहा, कातळ शेवाळाने निसरडा असतो. किनाऱ्यावर लांबवर चालायचं असेल तर त्याच दिवशी संध्याकाळी पाच-साडेपाचला जा, ओली घट्ट वाळू कितीतरी आतपर्यंत उघडी पडते. फक्त तिथे गाडी उतरवू नका प्लीज, चाक रुतलं तर परत येणारं पाणी थांबत नाही आणि उधाणाला ते भराभर येतं.

आणि एक, भांग आहे म्हणून समुद्र शांत असं अजिबात समजू नका. लाटा वाऱ्याने उठतात, तिथीने नाही. पावसाळ्यात अष्टमीला पण समुद्र खवळलेला असू शकतो, आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते तेव्हा मदतीला धावणाऱ्या होड्या पण वर ओढलेल्या असतात.