बौद्ध मानसशास्त्र आणि मानसोपचार : कोल्हापूर परिसर

पाली भाषेतल्या बौद्ध ग्रंथांतले मनाचे विश्लेषण आणि आजचे समुपदेशन व मानसोपचार यांची सांगड घालणारी उपचारदृष्टी. ही एकच ठरीव पद्धत नव्हे. आठ आठवड्यांच्या आखीव कार्यक्रमापासून समुपदेशकाने बोलता बोलता सांगितलेल्या एखाद्या सुत्तातल्या, म्हणजे बुद्धाच्या उपदेशातल्या, दृष्टांतापर्यंत बरेच काही या नावाखाली येते. कोल्हापुरात ती मुख्यतः दोन वाटांनी आली : विपश्यना शिबिरांतून, आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकांतल्या ‘माइंडफुलनेस’मधून, म्हणजे सजगतेतून. मराठीत या दोन वाटा एकत्र येतात तेव्हा पहिली अडचण शब्दांची येते, आणि ती वरवरची नाही.

बौद्ध विचारात माणूस म्हणजे पाच स्कंधांची जुळणी : रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान. पाचही शब्द मराठी माणसाच्या तोंडी आहेत, आणि पाचही वेगळ्या अर्थाने. इथे रूप म्हणजे देखणेपण नव्हे, शरीरासह सगळे भौतिक. वेदना म्हणजे दुखणे नव्हे. सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली कोणतीही जाणीव ही वेदनाच. संज्ञा म्हणजे ओळखणे. संस्कार म्हणजे आईवडिलांनी लावलेले वळण नव्हे, तर मनाला आकार देणाऱ्या इच्छा आणि सवयी. विज्ञान म्हणजे समोर आलेल्या विषयाचे भान. सर्वांत धोक्याचा शब्द ‘उपेक्षा’. पालीत उपेक्खा म्हणजे सुखदुःखात न ढळणारा तोल. मराठीत ती हेळसांड. सासरी वर्षानुवर्षे कुणी विचारले नाही अशा बाईला ‘उपेक्षा साधा’ म्हणून सांगण्यात काय अर्थ? विपश्यना शिबिरांत यासाठी ‘समता’ म्हणतात. पण शाहू महाराजांच्या गावात समता म्हटले की आधी पंगत आणि पाणवठा आठवतो, श्वास नंतर.

काही ठिकाणी मात्र बोली शास्त्राच्या पुढे आहे. पाली ‘तण्हा’ मराठीत ‘तहान’ म्हणून अजून जिवंत आहे. तृष्णा पुस्तकात राहिली. ‘उपादान’, म्हणजे घट्ट धरून बसणे, समजावायला तर व्याख्या लागतच नाही. ‘लई मनाला लावून घेऊ नगंस’ एवढे म्हटले की पुरते.

सुत्तांतले दोन संदर्भ उपचारात वारंवार येतात. संयुत्तनिकाय या पाली सुत्तसंग्रहातल्या सल्लसुत्तात दोन बाणांचा दृष्टांत आहे : पहिला बाण शरीराला लागतो, दुसरा माणूस स्वतःच्या रडण्या-कुढण्याने लावून घेतो. उसाचे बिल थकले हा पहिला बाण. ‘भावाला मिळालं, मलाच नाही, माझ्यातच काही नाही’ असे रात्रभर छताकडे बघत घोकणे हा दुसरा. विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलू पाहणारा आकलनात्मक वर्तनोपचार हाच दुसरा बाण विचारांची नोंद ठेवून पकडतो. दुसरा संदर्भ मज्झिमनिकाय या दुसऱ्या संग्रहातल्या वितक्कसंठान सुत्ताचा. नको असलेल्या विचारांवर तिथे पाच उपाय दिले आहेत. सुतार जाड खुंटी बारीक खुंटीने ठोकून बाहेर काढतो, तसा एक विचार दुसऱ्याने काढणे, हा पहिला. दातावर दात दाबून विचार चिरडणे, हा शेवटचा. श्रीलंकेत जन्मलेले मानसशास्त्रज्ञ पद्मल डी सिल्वा यांनी १९८०च्या दशकात हे उपाय वर्तनोपचाराच्या तंत्रांशी ताडून पाहिले. शेवटचा उपाय मात्र आज कोणी सुचवत नाही. विचार दडपला की तो उलट जोराने परततो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७च्या, ‘पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका’ असे सांगून केलेल्या प्रयोगाने दाखवले. सुत्तातही तो बाकीचे चार फसल्यावरचा उपाय आहे, हे सांगायला हवे.

पाश्चात्त्य उपचारात बौद्ध साधना पद्धतशीरपणे आली ती १९७९ मध्ये. जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी सजगतेचा वर्ग सुरू केला. मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी आपल्या उपचारपद्धतीसाठी झेन या बौद्ध पंथाच्या साधनेतून काही कौशल्ये घेतली. सीगल, विल्यम्स आणि टीसडेल यांनी सजगतेला आकलनात्मक उपचाराशी जोडले. त्यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या १४५ रुग्णांच्या अभ्यासात नैराश्याचे तीन किंवा अधिक झटके येऊन गेलेल्यांत पुन्हा आजार उलटण्याचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आले. दोनच झटके आलेल्यांना फायदा दिसला नाही. २०१५ मध्ये ४२४ रुग्णांच्या ब्रिटिश अभ्यासात ही पद्धत चालू ठेवलेल्या औषधांपेक्षा सरस ठरली नाही, पण मागेही पडली नाही (दोन वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण या पद्धतीत ४४ टक्के, औषधांवर ४७). या आकड्यांत चमत्कार शोधू नये.

वर्गाची सुरुवात बहुधा एका बेदाण्याने होते. तो तळहातावर घ्यायचा, सुरकुत्या पाहायच्या, बोटांत फिरवून चिकटपणा जाणवू द्यायचा, कानाशी धरायचा, वास घ्यायचा, मग जिभेवर ठेवून लगेच चावायचे नाही. तोंडाला पाणी सुटते, दात पुढे सरसावतात, मन तेवढ्यात घरच्या गॅसवर जाऊन येते; हे सगळे फक्त बघायचे. वेदना आणि तहान हे शब्द इथे एका दाण्यात कळतात. तासगावचा बेदाणा शेजारच्याच जिल्ह्यातला, त्यामुळे अमेरिकेतली ही कृती इथे परकी वाटत नाही. गुळाच्या खड्यानेही काम भागते, फक्त तो लवकर विरघळतो.

कोल्हापूरला बौद्ध परंपरा नवी नाही. शहरात सापडलेल्या स्तूपाच्या अवशेषांत ब्राह्मी लेख असलेल्या दगडी पेटीत स्फटिकाचा करंडक मिळाला होता, आणि जोतिबा डोंगराजवळ पोहाळ्याची लेणी आहेत. पण आजच्या इथल्या बौद्ध जाणिवेचा धागा त्यांच्याशी नाही, तो माणगाव परिषदेशी आणि बिंदू चौकाशी आहे. मार्च १९२० मध्ये माणगावात शाहू महाराजांनी डॉ. आंबेडकरांचे नेतृत्व जाहीर केले; डिसेंबर १९५०मध्ये, आंबेडकर हयात असतानाच, बिंदू चौकात त्यांचा पुतळा उभा राहिला. त्याच माणगावच्या हातकणंगले तालुक्यात आळते येथे ‘धम्मालय’ हे विपश्यना केंद्र आहे. एका तालुक्यातली ही दोन ठिकाणे दुःखाकडे दोन बाजूंनी पाहायला लावतात. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७च्या ग्रंथात आंबेडकरांनी मनाला केंद्रस्थान दिले, तरी चार आर्यसत्ये मूळ शिकवणीत होती का, असा प्रश्न प्रस्तावनेतच उभा केला. ती माणसाची आशा हिरावून घेतात, असे त्यांचे म्हणणे होते; माणसाचे दुःख माणसाने माणसावर केलेल्या अन्यायातून येते, असे त्याच ग्रंथात ते मांडतात. उपचारकाला हा मुद्दा बाजूला सारता येत नाही. जात विचारून भाड्याची खोली नाकारलेल्या मुलाला दुसऱ्या बाणाबद्दल बोलण्याआधी पहिला बाण कुठून आला, ते मान्य करावे लागते. नाहीतर सजगता ही सहन करायला शिकवणारी आणखी एक युक्ती ठरते. सजगतेच्या बऱ्याच आयात पुस्तिकांत ही बाजू येतच नाही.

शिबिर आणि उपचार यांत गल्लत होते ती वेगळीच. दहा दिवसांच्या शिबिरात मौन असते आणि रोज सुमारे दहा तास बैठक. समुपदेशकासमोर आठवड्यातून तासभर बसण्यापेक्षा हे फार कडक आहे. तीव्र मानसिक आजारात, विशेषतः भास-भ्रम असताना, असे दीर्घ ध्यान त्रास वाढवू शकते. शिबिराच्या अर्जात मानसिक आजार आणि चालू औषधे यांविषयी प्रश्न असतात. ते टाळून जागा मिळवणारे असतात. ‘गोळ्या सुटतील’ म्हणून घरच्यांनी पाठवलेलेही. गोळ्या कमी करायच्या की नाही, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच ठरते, आणि ते बोलणे शिबिराला जाण्याआधी व्हावे लागते.