खडी क्रशरची धूळ: आधी पत्रा, मग पाणी

खाण आणि क्रशर चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

धूळ उडाली की आपण पाइप धरून पाणी मारतो. जमिनीवरची धूळ त्याने बसते, हवेतली बसत नाही. सगळा खेळ थेंबाच्या आकाराचा आहे. छातीत उतरणारा कण १० मायक्रॉनपेक्षाही बारीक. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. एवढा हलका कण मोठ्या थेंबासमोर आला की हवेबरोबर बाजूने निसटतो. थेंब कणाच्या जवळपास बारीक असेल, तरच दोघे चिकटून जड होतात आणि खाली बसतात. म्हणून आम्ही तुषार नोझल, म्हणजे पाण्याचा अगदी बारीक फवारा सोडणाऱ्या तोट्या, बसवतो. पाणी कमी लागतं, माल चिंब होत नाही, खडी चाळणाऱ्या स्क्रीनची जाळी चोंदत नाही.

मात्र उघड्या क्रशरवर हे नोझल लावून पैसे वाया घालवू नका. जरा वारा सुटला की तुषार एकीकडे, धूळ दुसरीकडे. आधी हॉपरला, म्हणजे दगड ओततो त्या पेटीला, तीन बाजूंनी पत्रा मारा, बेल्टवरून माल पडतो तिथे रबरी पडदे सोडा. हे काम गावातला वेल्डरही करतो. आमच्याकडूनच करून घ्या, असा आग्रह नाही.

पर्यावरण संरक्षण नियमांनुसार क्रशरपासून ४० मीटरवर तुमच्या धुळीची भर घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. वारा अडवणारी भिंत, पक्का रस्ता, कडेने झाडं, हेही त्याच नियमांत येतं.

आकडा मोजायला यंत्र लागतं. बांधावरच्या तुरीच्या पानावरून बोट मात्र कोणालाही फिरवता येतं. बोटाला लागते ती जाड धूळ. तिच्यासोबतची बारीक धूळ जॉपाशी, म्हणजे दगड फोडणाऱ्या जबड्यापाशी, दिवसभर उभ्या असलेल्या माणसाच्या फुप्फुसात गेलेली असते. आपल्या काळ्या दगडात मोकळी सिलिका ग्रॅनाइटपेक्षा कमी, हे खरं. तरी निर्धास्त राहू नका. सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, एकदा जडला की बरा होत नाही, आणि तोंडाला बांधलेल्या रुमालाने बारीक कण अडत नाहीत.

उन्हाळ्यात गाव टँकरवर असताना विहिरीचं पाणी धुळीवर घालवणं आम्हाला पटत नाही. खाणीत साचलेलं पाणी चालतं, पण त्यातल्या गाळाने नोझल बुजतं. आम्ही पाहणीला येण्याच्या आदल्या दिवशी त्या पाण्याची एक बाटली भरून न हलवता ठेवा. गाळ किती बसला हे बघूनच फिल्टर ठरवू.