मांजरपालन : कोकण किनारपट्टी

घरी ठेवलेल्या मांजराचा आहार, आरोग्य, वर्तन आणि वीण यांची काळजी घेण्याला मांजरपालन म्हणतात. पाळीव मांजर, शास्त्रीय नाव फेलिस कॅटस, हे आफ्रिकी रानमांजराच्या वंशातले. धान्याच्या साठ्यावर येणाऱ्या उंदरांमागे ते माणसाच्या वस्तीत आले. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीवर त्याचे मूळ काम आजही तेच आहे : भाताची कणगी, माळ्यावरचे नारळ आणि गोठ्यातला पेंढा उंदीर-घुशींपासून राखणे. त्यामुळे येथले मांजर निम्मे घरातले, निम्मे आगरातले असते. सकाळी ओटीवर, दुपारी माळ्यावर, रात्री मागीलदारी. फ्लॅटमधल्या मांजरासाठी दिलेले सल्ले त्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. त्याच्या जिवावर बेतते ते बिबट्या-सापामुळे, असा समज आहे. तसे घडतेही. पण घरातला रस्साभात, तापाची गोळी आणि उंदराचे औषध यांनी होणारे नुकसान आपल्या हातात आहे, आणि काळजीची सुरुवात तिथूनच करायला हवी.

आहार : मांजर पूर्णपणे मांसाहारी आहे. कुत्रा भात-भाकरीवर तग धरतो, मांजराला ते जमत नाही. टॉरीन नावाचे द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही, ते मांस-मासळीतूनच यावे लागते. ते दीर्घकाळ कमी पडले तर दृष्टिपटल खराब होऊन मांजर आंधळे होते आणि हृदयाचे स्नायू दुबळे पडतात. कोकणात मासळी मुबलक, तेव्हा इथे ही अडचण नाही असे लोक धरून चालतात. पण मांजराच्या ताटलीत पाहिले तर बहुतेक भातच दिसतो, त्यावर कालवणाचा रस्सा आणि उरलेले काटे. रश्शाच्या वाटणात कांदा-लसूण असते. या दोन्हींमुळे मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि रक्त कमी होते. शिजवल्याने किंवा वाळवल्याने हा दोष जात नाही. उपाय सोपा आहे : वाटण लावण्याआधी मांजरापुरते दोन तुकडे बाजूला काढावेत, मीठ-तिखट न घालता उकडावेत आणि काटे काढून द्यावेत. घशात काटा अडकलेले मांजर पंजाने तोंड ओरबाडते, लाळ गाळते. अशा वेळी भाताचा गोळा भरवून काटा खाली ढकलण्याचा प्रयत्न करू नये.

मासळी घरात आली की विळीपाशी मांजर घुटमळते आणि डोकी, कल्ले, आतडी त्याच्यापुढे पडतात. कधीमधी एवढे चालते. रोज कच्ची मासळी मात्र घातक आहे. तारलीच्या कुळातल्या अनेक माशांत थायामिनेज हे विकर असते, ते ब१ जीवनसत्त्व नष्ट करते. मग मांजराची मान छातीकडे वाकू लागते, चालताना तोल जातो, पुढे झटके येतात. शिजवल्यावर हे विकर निकामी होते. शिवाय नुसत्या तेलकट मासळीवर वाढलेल्या मांजराला ई जीवनसत्त्व कमी पडते, अंगातल्या चरबीला सूज येते आणि पाठीला हात लावला तरी ते कळवळते. म्हणून मासळीच्या जोडीला उकडलेली कोंबडी, अंडे, थोडेसे काळीज असा बदल हवा. रापणीतून वाळूवर टाकून दिलेला केंड, म्हणजे अंग फुगवणारा विषारी मासा, मांजरापुढे चुकूनही जाऊ देऊ नये, त्याच्या विषावर उतारा नाही.

वर्षातले दोन महिने खास जपण्याचे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ताजी मासळी आटते आणि मांजराच्या वाट्याला सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा येतो. यातले मीठ मांजराला सोसत नाही. सुकी मासळी द्यायचीच तर भिजत घालून दोनदा पाणी बदलावे, मग उकडावी. बंदी उठते न उठते तोच अनेक घरांत श्रावण पाळला जातो आणि मांजर दूधभातावर येते. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही, पातळ जुलाब होतात. श्रावण माणसाने पाळावा. मांजरासाठी त्या दिवसांत तयार आहाराचे पाकीट आणून ठेवावे, त्यात टॉरीन मोजून घातलेले असते. मात्र दमट हवेत उघडे पाकीट आठवड्यातच मऊ पडून बुरशी धरते. लहान पाकीट घ्यावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. कोरड्या खाण्याबरोबर पाणी जास्त लागते. मांजराला तहान मुळात कमी, म्हणून पाण्याचे भांडे ताटलीपासून दूर, शक्यतो रुंद तोंडाचे ठेवले की ते अधिक पिते.

रोजची पाहणी : आजार लपवणे हा मांजराचा स्वभाव आहे. लहान शिकारी प्राणी स्वतःही कोणाची तरी शिकार असतो, त्यामुळे दुखणे उघड करत नाही. घुरघुरणे हेही नेहमी समाधानाचे नसते, वेदनेतही मांजर घुरघुरते. म्हणून पाहावे ते बदलाकडे : नेहमी ओटीवर येणारे मांजर दिवसभर पलंगाखाली बसले, अंग चाटायचे थांबले, केस पिंजारले, खाण्याकडे जाऊन नुसते हुंगून परत आले. दोन दिवस अजिबात न खाणारे, विशेषतः लठ्ठ मांजर, यकृतात चरबी साचून गंभीर आजारी पडते. ‘भूक लागली की खाईल’ हे मांजराच्या बाबतीत खरे नाही.

मांजर शांत असताना वरचा ओठ अंगठ्याने हलकेच उचलावा. निरोगी हिरडी फिकट गुलाबी आणि ओलसर असते. बोटाने दाबले की पांढरी होते आणि साधारण दोन सेकंदांत रंग परत येतो. पांढरट हिरडी रक्त कमी झाल्याची खूण, पिवळी काविळीची, निळसर किंवा तपकिरी असेल तर श्वासाचा वा विषाचा धोका. झोपलेल्या मांजराच्या बरगड्या मिनिटाला वीस ते तीस वेळा वरखाली होतात. हा आकडा सतत चाळिशीपुढे असेल, किंवा मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल, तर थांबू नये. शरीराचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते, त्यामुळे माणसाच्या हाताला ते नेहमीच गरम लागते. नाक कोरडे म्हणजे ताप, हे खरे नव्हे.

बोक्याच्या बाबतीत एक खूण घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावी. तो पुन्हा पुन्हा बसून कुंथतो, ओरडतो, मागची बाजू चाटतो आणि थेंबभरही लघवी होत नाही. घरचे बद्धकोष्ठ समजून एरंडेल देतात. प्रत्यक्षात मूत्रमार्ग खड्यांनी वा चिकट गाळाने बंद झालेला असतो आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. रात्र असो की मुसळधार पाऊस, हा प्रसंग सकाळपर्यंत ठेवण्याचा नाही.

विषबाधा : पॅरासिटामॉलची गोळी मांजराला मारते. ती निरुपद्रवी करण्याची यकृतातली सोय मांजरात जवळजवळ नसते. रक्त तपकिरी पडते, चेहरा सुजतो, श्वास लागतो. लहान मुलाला देतो तसा चतकोर तुकडा देणारे लोक प्रेमापोटीच देतात, आणि म्हणूनच हे वारंवार सांगायला हवे. कुत्र्याच्या गोचिडांवरचे परमेथ्रिनयुक्त थेंब मांजराला लावले तर तासाभरात थरथर आणि झटके सुरू होऊ शकतात. कापूर घातलेले खोबरेल, रॉकेल, काळे फिनाईल यांचेही तसेच. मांजर अंग चाटते, त्यामुळे केसांना लागलेली प्रत्येक गोष्ट पोटात जाते. आंब्याच्या मोहरावर फवारणी चालू असते त्या दिवसांत कलमांच्या बागेतून आलेले मांजर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुऊन पुसून घ्यावे. उंदराच्या औषधांपैकी झिंक फॉस्फाइड काही तासांत पोटात विषारी वायू सोडते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम तीन-चार दिवसांनी दिसतो. त्यावर के१ जीवनसत्त्वाचा उतारा आहे, पण वेळेत. ज्या घरात मांजर आहे तिथे उंदरासाठी पिंजराच लावावा, कारण विषाने मेलेला उंदीर खाऊनही मांजर मरते.

गळाला लावलेल्या मासळीच्या तुकड्यासह तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, गिळली जाते, तोंडातून किंवा शेपटीखालून तिचे टोक लोंबते. ते ओढू नये. आतडी दोऱ्यावर चुणीसारखी ओढली जाऊन कापतात. जवळचा दोरा तेवढा कापून मांजर डॉक्टरांकडे न्यावे.

लसी आणि जंत : पिलाला सहा-आठ आठवड्यांपासून तिहेरी लस सुरू होते आणि सोळा आठवड्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा दिली जाते. तीत पॅनल्यूकोपेनिया आणि सर्दीचे दोन विषाणू येतात. पॅनल्यूकोपेनियाने उलट्या-जुलाब होऊन दोन-तीन दिवसांत अख्खी वीण दगावते, आणि विषाणू जमिनीवर वर्षभरही टिकतो. तिथे फिनाईल चालत नाही, ३२ भाग पाण्यात १ भाग ब्लीच लागते. रेबीजची लस तीन महिन्यांपासून. मांजर चावले किंवा ओरबाडले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि सरकारी दवाखान्यात लगेच दाखवावे.

उंदीर, पाली, बेडूक खाणाऱ्या मांजराला जंत होणारच. दर तीन महिन्यांनी वजन करून औषध द्यावे. पाल खाल्ल्याने यकृतात चपटे कृमी जातात, त्यावरचे औषध वेगळे असते. खाज आणि मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर पिसवा आणि पट्टकृमी दोन्ही आहेत. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात मांजर नेले तर हसतील, हा संकोच सोडावा. वजन आणि लक्षणे लिहून नेली की निदान लवकर होते.

कोकणच्या पावसाचे एक खास दुखणे म्हणजे नायटा. कान, नाक, पंजे यांवर गोल केसगळती होते आणि घरातल्या मुलांनाही तो लागतो. भिजून आलेले मांजर जुन्या सुती साडीच्या तुकड्याने पोटाकडून, बोटांच्या फटींतून टिपावे, नुसती पाठ पुसून भागत नाही. चुलीच्या उबेला ते स्वतःच जाते, तेव्हा रात्री निखारे झाकलेले असावेत. कानात कॉफीच्या चुऱ्यासारखा काळा मळ दिसला तर गोचिडीच्या जातीचे बारीक जीव समजावेत. काडी घालू नये.

वर्तन : नखे घासणे म्हणजे खोडी नव्हे. त्यातून नखांचे जुने कवच गळते आणि पंजाचा वास मागे राहतो. अंगणात माडाचे खोड त्यासाठी असतेच. घरात एका खांबाला खालून हातभर उंचीपर्यंत सुंभ घट्ट गुंडाळून दिला की सोफा वाचतो. ओरडण्या-मारण्याने मांजर माणसाला घाबरते, सवय सुटत नाही. लहान पिलाशी हाताने झोंबाझोंबी खेळू नये, तेच पिलू मोठेपणी चावते. शेपूट उभी धरून येणारे मांजर खुशीत असते. शेपूट आपटणारे, कान मागे पाडलेले मांजर हात काढून घ्या असे सांगत असते. भुशाच्या ट्रेमध्ये जाणारे मांजर अचानक पलंगावर लघवी करू लागले तर आधी आजार शोधावा, राग मग.

ट्रे रोज साफ करावा. टोक्सोप्लाझ्मा या गर्भाला अपाय करणाऱ्या परजीवीचे जंतू विष्ठेत पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतात, म्हणून गरोदर बाईने ते काम दुसऱ्याकडे द्यावे. त्यासाठी मांजर घराबाहेर काढण्याची गरज नाही.

वीण : मांजरी पाच-सहा महिन्यांतच माजावर येते आणि सुमारे ६३ ते ६५ दिवसांत विते. मांजरी पिलांना सात घरे फिरवते असे म्हणतात. जागेला त्रास झाला, माणसांची ये-जा वाढली की ती पिले हलवते, म्हणून माळ्यावर किंवा मांगरात व्यालेल्या मांजरीजवळ पहिले काही दिवस वारंवार जाऊ नये. पिले आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नयेत. दूध पाजत असतानाच मांजरी पुन्हा गाभण राहू शकते. नको झालेली पिले पोत्यात घालून बंदरावर किंवा बाजारात सोडून येण्याची रीत अजून आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार असे सोडून देणे गुन्हा आहे, आणि मासळीच्या ढिगाजवळ सोडलेले पिलू सुखात जगते ही समजूतही खोटी. तिथल्या मोठ्या बोक्यांपुढे आणि कुत्र्यांपुढे त्याचा टिकाव लागत नाही. नसबंदी हाच मार्ग. ती प्रत्येक तालुक्यात होत नाही, जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशी करावी लागते. माज थांबवणारी इंजेक्शने पुन्हा पुन्हा देऊ नयेत, त्यांनी गर्भाशयात पू होतो आणि स्तनांत गाठी येतात. नसबंदी झालेला बोका भांडायला दूर जात नाही. फाटलेले कान आणि पू धरलेल्या जखमाही त्यामुळे कमी होतात.

म्हातारपण : दहा वर्षांपुढच्या मांजरात मूत्रपिंडाचा आजार फार दिसतो. पाणी जास्त पिणे, लघवी वाढणे, वजन हळूहळू उतरणे, तोंडाला वास येणे ही लक्षणे. पाणवठ्यावर किंवा न्हाणीघरात सारखे जाऊन बसणारे म्हातारे मांजर उकाड्याने तिथे बसले आहे असे धरून न चालता रक्त तपासून घ्यावे. दात हलत असतील तर मासळी कुस्करून द्यावी. माळ्यावर चढणे जमत नसेल तर पडवीत कोरड्या कोपऱ्यात गोणपाटाचे अंथरूण घालून द्यावे.