कोरडा डोळा की ॲलर्जीचा डोळा? ‘जलन’ या शब्दात हरवणारा फरक

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या माझ्या आत्याने मागच्या उन्हाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगितले, “आँखों में बहुत जलन होती है, पानी भी आता है।” घरी मात्र ती आठवडाभर निराळेच सांगत होती: संध्याकाळी पापणीखाली वाळूचा कण गेल्यासारखे खुपते, पोथी वाचायला बसले की चुरचुरते आणि गच्चीत वारा लागला की घळघळा पाणी वाहते. आम्ही इंदूरचे मराठी लोक घरात मराठी आणि दवाखान्यात हिंदी बोलतो, आणि तो उंबरठा ओलांडताना खुपणे, चुरचुरणे, आग होणे आणि खाजणे ही चार वेगळी दुखणी ‘जलन’ या एका शब्दात कोंबली जातात. (हिंदीत चुभन, किरकिरी, खुजली हे सगळे शब्द आहेत, दोष हिंदीचा नाही, आमच्या घाईचा आहे.) डोळ्यांचा कोरडेपणा आणि डोळ्यांची ॲलर्जी यांच्या बाबतीत ही घाई नडते, कारण दोन्हींत डोळे लाल होतात, दोन्हींत पाणी येते आणि तरीही एका दुखण्यावरची गोळी दुसरे दुखणे वाढवू शकते.

डॉक्टरांनी उलट विचारले, “खुजली होती है या चुभता है?” आत्या म्हणाली, चुभता है. तपासणीची दिशा तिथेच बदलली. डोळे चोळावेसे वाटतील अशी खाज, विशेषतः नाकाकडच्या कोपऱ्यात, ही ॲलर्जीची मुख्य खूण असते. तिच्या जोडीला शिंका आणि नाक गळणे असेल तर शंका बळावते. कोरड्या डोळ्यात खाज कमी, खुपणे आणि थकवा जास्त असतो, नजर मधूनच धूसर होते आणि पापण्यांची उघडझाप केली की क्षणभर स्वच्छ दिसते.

पाणी वाहणारा डोळा कोरडा कसा, हा आत्याचा प्रश्न रास्त होता. बुबुळावर अश्रूंचा एक अतिशय पातळ पापुद्रा सतत पसरलेला असतो: आत बुबुळाला चिकटून राहणारा श्लेष्मा, त्याबरोबर अश्रुग्रंथीतून येणारे पाणी आणि सर्वांत वर, पापण्यांच्या कडेवर उघडणाऱ्या मायबोमियन ग्रंथींतून येणारा तेलाचा थर. हे तेल कमी झाले किंवा घट्ट होऊन ग्रंथींतच अडकले, तर पाणी पुरेसे असूनही भराभर उडून जाते, आणि कोरडेपणाचा हाच प्रकार अधिक आढळतो. पाणीच कमी तयार होणे हा दुसरा प्रकार, आणि दोन्ही एकत्रही असतात. उघड्या पडलेल्या बुबुळाच्या नसा तक्रार करतात, तेव्हा अश्रुग्रंथी एकदम पाण्याचा लोंढा सोडते, पण ते पाणी बुबुळावर न टिकता गालावरून ओघळून जाते. आपण एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो. मोबाइलवर किंवा पोथीवर नजर खिळली की हे प्रमाण निम्म्याच्याही खाली जाऊ शकते, म्हणून वाचनाने त्रास वाढतो.

ॲलर्जीचे यंत्र वेगळेच आहे. तिथे पापुद्रा मुळात ठीक असू शकतो. परागकण, धूळ किंवा घरातल्या धुळीतले सूक्ष्म कीटक यांना शरीर शत्रू समजते, डोळ्याच्या आवरणातल्या मास्ट पेशी हिस्टामीन हे खाज आणणारे रसायन सोडतात आणि खाज, सूज व लाली काही मिनिटांत उभी राहते. मुलांमध्ये, विशेषतः मुलग्यांमध्ये, उष्ण आणि कोरड्या प्रदेशांत दिसणारा याचा एक हट्टी प्रकार आहे: दर उन्हाळ्यात उसळतो, वरची पापणी उलटून पाहिली तर आत खडबडीत उंचवटे दिसतात आणि बहुतेकांचा वयात आल्यानंतर ओसरतो. तोवर मुलाला डोळे चोळू न देणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे, कारण सततच्या चोळण्याचा संबंध बुबुळ शंकूसारखे पुढे येण्याच्या विकाराशी, म्हणजे केराटोकोनसशी आहे.

इंदूरचे ऋतू या गोंधळात भर घालतात. मार्च-एप्रिलमध्ये माळव्यातल्या गव्हाच्या काढणीची धूळ आणि पावसाळ्यानंतर रिकाम्या प्लॉटवर माजणारे गाजरगवत ॲलर्जीला खाद्य पुरवतात, तर मे महिन्याची कोरडी हवा सरळ पापुद्रा उडवते. कूलर हवेत ओलावा आणतो, म्हणून तो निर्दोष वाटतो; पण आत्या त्याच्या अगदी समोर, तोंडावर झोत घेऊन झोपत असे.

कोरडेपणाच्या दोन चाचण्या साध्या आहेत. खालच्या पापणीत फिल्टर पेपरची अरुंद पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजते ते पाहायचे. या चाचणीला जर्मन नेत्रवैद्य ओटो शिर्मर यांचे नाव आहे. भूल न देता केलेल्या चाचणीत 10 मिलिमीटरपेक्षा कमी ओल संशयास्पद, 5 किंवा त्याहून कमी असेल तर कोरडेपणा बराच. आत्याची पट्टी 4 वर थांबली. दुसऱ्या चाचणीत डोळ्यात फ्लुरोसीनचा पिवळा रंग घालून, पापणी न मिटता पापुद्रा किती सेकंदांत फाटतो ते मोजतात. दहा सेकंदांच्या आत फाटला तर तो कमकुवत समजतात. तोंडही कोरडे पडत असेल आणि सांधे दुखत असतील, तर स्योग्रेनच्या विकाराचा (यात शरीर स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर हल्ला करते) विचार करून रक्ततपासणी करावी लागते.

उपचारांत दोन वाटा स्पष्ट वेगळ्या होतात. कोरड्या डोळ्याला गरम शेक, पापण्यांच्या कडांची हलकी मालीश आणि कृत्रिम अश्रू. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालायचे असतील तर परिरक्षक (औषध टिकवणारे रसायन) नसलेले ड्रॉप्स घ्यावेत, कारण बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखे परिरक्षक स्वतःच बुबुळाला त्रास देते. एवढ्याने भागले नाही तर सायक्लोस्पोरिनचे ड्रॉप्स किंवा अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्राला छोटे बूच. ओमेगा-3 च्या गोळ्यांचा बोलबाला मोठा आहे, पण 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात त्या ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत, तेव्हा मी तरी त्यांवर पैसे घालणार नाही. ॲलर्जीला मात्र थंड शेक, बाहेरून आल्यावर चेहरा धुणे आणि ओलोपॅटाडीन किंवा केटोटिफेनसारखे ड्रॉप्स.

आत्याचा खरा घोटाळा इथे उघड झाला. पाणी येते म्हणजे ॲलर्जीच, असे ठरवून ती महिनाभर रोज रात्री सेट्रिझीन ही ॲलर्जीवरची गोळी घेत होती, आणि या वर्गातल्या गोळ्या अश्रूंचे प्रमाण कमी करू शकतात. मी तिला हसू शकत नाही. राजवाड्याची गेर, म्हणजे रंगपंचमीची रंग उधळणारी मिरवणूक, पाहून आल्यावर लाल झालेल्या डोळ्यांसाठी मी एका औषधाच्या दुकानातून मागून आणलेले ड्रॉप्स पुढे दोन वर्षे अधूनमधून घालत होतो. त्यांत स्टिरॉइड आहे हे चष्म्याचा नंबर काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी बाटली हातात घेऊन वाचल्यावर कळले. स्टिरॉइड दोन्ही दुखण्यांत चटकन आराम देते, आणि देखरेखीशिवाय वापरले तर डोळ्यातला दाब वाढवून काचबिंदूपर्यंत आणि मोतीबिंदूपर्यंत नेऊ शकते. तीव्र वेदना, उजेड सहन न होणे किंवा नजर अचानक कमी होणे यांतले काही असेल तर हे दोन्ही तर्क बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

दोन्ही दुखणी एकाच डोळ्यात असू शकतात, आणि आत्याच्या बाबतीत थोडी खाजही होतीच, असे तिने दुसऱ्या भेटीत कबूल केले. सेट्रिझीन बंद झाले. आता सकाळी ॲलर्जीचा थेंब, मग दहा मिनिटे थांबून कृत्रिम अश्रू, असा क्रम आहे. अश्रूंच्या कुप्या ती फ्रिजच्या दारात ठेवते, कारण गार थेंब खाजेलाही बरा वाटतो आणि डोळ्यातली धूळही धुऊन नेतो. कूलरचे तोंड भिंतीकडे वळवले आहे.